केस कुणाचा

न्यायमंदिरामागच्या गल्लीत रंगांचं दुकान आहे,
अजून आहे,
फक्त काउंटरवरची ती काचेची बरणी गेली.
तिच्यात उभे असायचे ब्रश,
शून्यापासून बारा नंबरपर्यंत, केस वर करून.
कनुभाई एक उचलायचे, जिभेला टेकवायचे,
टोकाची सुई व्हायची.
"असल नोळियो, बेन. नायलॉन नथी."
त्यांच्या आवाजात अभिमान असायचा
आणि तो मला माझ्याबद्दलचा वाटायचा.

तेवीस वर्षं चित्रकला शिकवली,
तेवीस वर्षं तो शब्द ऐकला,
आणि तो एखाद्या कंपनीचा शिक्का असेल, असं समजत राहिले.
खोटं कशाला बोलू.
गुजराती मला येते. भाजीबाजारात येते, भांडणात तर फारच येते.
नोळियो म्हणजे मुंगूस
हे कळायला काही लागत नाही.
न कळायला लागतं.

मार्चमध्ये छापा पडला.
बिलबुकात शाळेचं नाव होतं, म्हणून
वनखात्याचे देवशीभाई राठवा आमच्या स्टाफरूममध्ये आले,
चहा नको म्हणाले, खिशातून भिंग काढलं.
बघा, म्हणाले.
एकाच केसावर काळा पट्टा, सायीचा पट्टा, पुन्हा काळा.
कुठल्या चित्रकारानं इतक्या बारीक जागेत
इतका संयम दाखवलाय?
एका मुंगसात कामाचे केस दोन तोळे, ते म्हणाले.
बाकीचं मुंगूस कुठे जातं, मी विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं.

फास लावणाऱ्याला एका जनावरामागे जे मिळतं
त्यात माझा एक ब्रश आला नसता.
तो आत आहे. त्याला जामीन राहायला माणूस नाही.
कनुभाईंवर केस झाली, तारखा पडतायत.
माझ्यावर काहीच नाही.
मी फक्त घेत होते.

घरी आईचं चित्र आहे, मी काढलेलं.
कानशिलावरची बट एकेक केस सोडवून काढलीय,
तीन रात्री, त्याच शून्य नंबरनं.
येणारा प्रत्येकजण म्हणतो,
केस अगदी जिवंत वाटतात.

लहानपणी कमाटीबागेच्या कुंपणाशी
मुंगूस आडवं गेलं की आम्ही थबकायचो,
रामाची शपथ घालायचो, तोंड दाखव म्हणून.
ते वळून बघायचं, किंवा आम्हीच तसं धरून चालायचो,
आणि गणिताचा पेपर सोपा जायचा.
ब्रशाला तोंड नसतं.
कितीही शपथा घाला.

एकेचाळीस निघाले कपाटातून.
वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, पंचनामा झाला, सही केली.
आता वर्गात नायलॉनचे आहेत.
"मॅडम, टोक फाटतं."
फाटू दे.
"मॅडम, रेघ जाड येते."
येऊ दे, बाळा, जाड रेघेनं कुणी मरत नाही.
आणि एक धडा, अभ्यासक्रमात नसलेला:
पैसे काढण्याआधी विचारायचं, केस कुणाचा?

सहावीतली हेतल शिर्के भलतीच मोठ्यानं विचारते.
मांडवीजवळच्या दुकानात मी तिच्या मागेच उभी होते.
पोऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं,
एक पुडकं हळूच गल्ल्याखाली सरकवलं, म्हणाला, खारीचा असेल.
"मग तर नकोच," ती म्हणाली,
आणि वळली. तिच्यामागे तिघी वळल्या.
काही न घेता पायऱ्या उतरणाऱ्या चपला
कशा वाजतात
ते मी या वयात ऐकलं.

देवशीभाईंना फोन केला. पत्ता दिला.
ते म्हणाले, तुमचं नाव लिहू?
मी म्हटलं, लिहा. यादीत आधीपासून असायला हवं होतं.

काल हेतलनं चित्र आणून दिलं.
नायलॉनचा चार नंबर, टोक पार गेलेलं.
मुंगूस कमी, खराटा जास्त.
अंगावरचे केस कुठे चार, कुठे एक ढिगाराच.
पण तोंड काढलंय,
इकडे वळलेलं,
आणि कुणीही शपथ न घालता
ते माझ्याकडे बघतंय.